गाडीत माल भरताना
(साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



दिवसभर कामावर खपून तुम्ही रात्री या वर्गाला येता. कोणी जेवून आलेलं असतं, कोणी घरी जाऊन जेवणार असतं. तेव्हा आम्ही फार वेळ घेणार नाही. पण जे सांगणार आहोत ते कामाचं आहे. ते नीट ऐका.

आम्ही पुष्कळ वर्षं एका यार्डात काम केलं. पुण्याहून सोलापूरच्या रस्त्यानं निघालं, की उरुळी कांचनच्या बाजूला रोपवाटिका लागतात. बागेला नुसती रोपं लागत नाहीत. लाल माती लागते, शेणखत लागतं, वाटेवर टाकायला बारीक खडी लागते, कडेनं लावायला दगड लागतात. हा सगळा माल विकणारी यार्डं असतात. आमचं यार्ड असंच होतं. गिऱ्हाईक आपली पिकअप घेऊन यायचं. आम्ही पावती फाडायचो. ऑपरेटर जेसीबीनं माल उचलायचा आणि गाडीच्या हौद्यात ओतायचा. दोन मिनिटांत गाडी भरायची.

दोन मिनिटांत! पूर्वी याच कामाला चार माणसं, चार फावडी आणि पुष्कळ वेळ लागायचा. माणूस घमेल्यानं माल टाकतो तेव्हा त्याच्या कमरेला वजन कळतं. गाडी किती दबली, हेही त्याला दिसतं. यंत्राला कंबर नाही. ते दमत नाही आणि 'बास झालं' असंही म्हणत नाही. ते माणसालाच म्हणावं लागतं.

आता आमच्या हातून काय चूक झाली ती सांगतो.

एकदा पुरंदरकडचे एक काका आले. गावच्या शाळेपुढे बाग करायची होती. गावानं वर्गणी काढली होती. पैसे मोजून आणलेले. बरोबर गाडीचा ड्रायव्हर आणि काकांचा पुतण्या. काका म्हणाले, "भाऊ, अर्धा ब्रास खडी टाका. दोन खेपांचं भाडं परवडत नाही. एकाच खेपेत न्यायची आहे."

आम्ही अर्ध्या ब्रासची पावती फाडली. ऑपरेटरनं एक बकेट ओतली. गाडीचे पाटे दबले. ऑपरेटरनं आमच्याकडं पाहिलं. आम्ही हातानंच खूण केली, टाक. त्यानं आणखी अर्धी बकेट ओतली. ती हौद्याच्या मागच्या बाजूला पडली. ड्रायव्हर जरा कुरकुरला. काका म्हणाले, "चालतंय रे, हळू हळू जाऊ." पुतण्या खडीच्या ढिगावर बसला. गाडी निघाली.

दिवे घाट चढताना एका वळणावर गाडी अडली. मागं वजन फार, त्यामुळं पुढची चाकं हलकी झालेली. स्टिअरिंग नीट लागेना. गाडी थांबली आणि मागं सरकू लागली. ब्रेक पुरला नाही. मागचा कोपरा कठड्यावर आदळला. कठडा होता म्हणून गाडी दरीत गेली नाही. पण पुतण्या खडीसकट खाली पडला. मांडीचं हाड मोडलं. तो पोरगा आजही लंगडत चालतो.

त्या गाडीच्या दारावर वजनाचे आकडे रंगवलेले होते. ऑपरेटरला वाचता येत नव्हतं. काकांना जेमतेम सही येत होती. आम्हाला मात्र वाचता येत होतं. रोज पन्नास पावत्या लिहीत होतो. पण त्या दाराकडं आम्ही मान वळवून पाहिलं नाही. ज्याला अक्षर येत नाही त्याला काय बोल लावायचा? येत असून वाचलं नाही, हा दोष आमचा. म्हणून आज तुमच्यापुढं उभे आहोत.

आता हिशेब शिकू. फळ्यावर लिहितो. तुम्हीही वहीत लिहा.

गाडीच्या कागदावर, म्हणजे आरसी बुकावर, दोन वजनं असतात. एक रिकाम्या गाडीचं. दुसरं गाडी भरून जास्तीत जास्त किती व्हावं त्याचं. पुष्कळ गाड्यांच्या अंगावरही हे आकडे रंगवलेले असतात. अक्षरं इंग्रजी असतात, आकडेही इंग्रजी असतात. पण घाबरू नका. इंग्रजी आकडे दहाच आहेत. घड्याळात आणि मोबाईलवर ते तुम्ही रोज पाहता.

समजा, एका पिकअपचं भरल्यावरचं वजन 3,000 किलो लिहिलं आहे. रिकामं वजन 1,700 किलो आहे. मोठ्यातून लहान वजा करा. उरले 1,300 किलो. हे सगळं मालाचं नव्हे हं. यात बसणारी माणसंही आली. ड्रायव्हर आणि सोबती मिळून 130 किलो धरा. मालाला राहिले 1,170 किलो. एवढाच माल. 'छोटा हत्ती' म्हणतात त्या लहान गाडीला तर याहून पुष्कळ कमी.

आता माल किती जड असतो ते पाहू. गावात हजार लिटरची पाण्याची टाकी असते ना? ती पाण्यानं भरली, की पाण्याचं वजन 1,000 किलो होतं, म्हणजे एक टन. तीच टाकी खडीनं भरली तर सुमारे 1,500 किलो. कोरड्या वाळूनं भरली तर सुमारे 1,600 किलो. पावसात भिजलेल्या वाळूनं भरली तर 1,900 किलोपर्यंत जाईल. ढीग तोच, टाकी तीच. पण रात्री पाऊस पडला, की सकाळी माल जड झालेला असतो. डोळ्याला फरक दिसत नाही. चांगलं कुजलेलं कोरडं खत मात्र पाण्याहून हलकं असतं. म्हणून खताची गाडी काठोकाठ भरलेली पाहिली, की आपल्याला वाटतं खडीचीही तशीच भरावी. इथंच माणूस फसतो.

जेसीबीच्या पुढच्या मोठ्या बकेटमध्ये सुमारे एक घनमीटर माल मावतो, म्हणजे त्या टाकीएवढाच. मग एक भरली बकेट खडी किती? सुमारे 1,500 किलो. आणि आपल्या पिकअपला मालाचे किती राहिले होते? 1,170. म्हणजे एक पूर्ण बकेटसुद्धा जास्त होते! आम्ही दीड ओतली होती.

ब्रासचाही हिशेब ऐका. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. मीटरच्या भाषेत 2.83 घनमीटर. एक ब्रास खडी चार टनांच्या वर जाते. अर्धा ब्रास दोन टनांच्या वर. पाव ब्रास हजार किलोच्या थोडी पुढं. तेव्हा अशा पिकअपला पाव ब्रास खडी पुरे. वाळू ओली असेल तर पाव ब्रासही जास्त होते. तेव्हा आणखी कमी भरा.

दगडाचं तर विचारूच नका. आपल्याकडचा काळा दगड फार जड. दोन फूट लांब, दीड फूट रुंद, एक फूट जाड असा एक दगड सव्वादोनशे किलोच्या पुढं जातो. असे पाच दगड झाले, की गाडी भरली. हौदा रिकामा दिसतो, पण गाडी भरलेली असते.

शंका आली तर वजनकाट्यावर जा. आधी रिकामी गाडी काट्यावर घाला, मग भरलेली. काट्याला जे पैसे पडतात ते तुटलेल्या पाट्यापेक्षा कमीच असतात. शिवाय कायदाही आहे. 2019 साली मोटार वाहन कायदा बदलला. जास्त वजन भरलं तर 20,000 रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000 रुपये, असं त्यात लिहिलं आहे. जादा माल उतरवून घेण्याचा खर्चही आपल्याच माथी. दोन खेपांचं भाडं वाचवायला गेलो आणि एवढं भरून बसलो, तर काय कमावलं?

वजन ठरलं. आता माल भरायचा कसा?

गाडी सपाट आणि घट्ट जागेवर उभी करा. पावसानं भुसभुशीत झालेल्या जागेवर नको. हातब्रेक ओढा, गाडी गियरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा. वर पाहा. विजेची तार जात असेल तर तिथं गाडी लावूच नका. बकेट वर उचलली, की ती तारेला लागू शकते.

मग ड्रायव्हरनं खाली उतरावं. "मी आत बसतो, काही होत नाही," असं म्हणू नये. बकेट गाडीच्या टपावरून नेऊ नये. ती हौद्याच्या बाजूनं आणावी. तरीही दगड घरंगळतो, माल उडतो. खाली उतरून ऑपरेटरला आपण दिसू अशा जागी, लांब उभं राहावं.

हौद्यात कोणी थांबायचं नाही. ही गोष्ट तीनदा सांगतो. हौद्यात कोणी थांबायचं नाही. हौद्यात कोणी थांबायचं नाही. पुष्कळदा एखादा पोरगा फावडं घेऊन माल सारखा करायला हौद्यात उभा राहतो. बकेट उचललेली असली, की ऑपरेटरला तिच्यापलीकडचं दिसत नाही. पोरगा दिसत नाही आणि माल वरून येतो. माल सारखा करायचाच असेल तर यंत्र थांबू द्या, बकेट जमिनीला टेकू द्या, मग वर चढा.

खुणा एकानंच करायच्या. चौघांनी चार बाजूंनी हात हलवले, तर ऑपरेटरनं कोणाचं ऐकावं? पण थांबण्याची खूण मात्र कोणीही करावी. दोन्ही हात वर केले म्हणजे थांब. लहान पोरानं केली तरी यंत्र थांबलं पाहिजे.

बकेट भरल्यावर ती जमिनीजवळ ठेवूनच यंत्र चालवावं. गाडीजवळ आल्यावरच उचलावी. उंच बकेट घेऊन वळण घेतलं, तर यंत्र कलंडू शकतं. माल एकदम ओतू नये. बकेट हौद्याच्या जेवढी जवळ आणता येईल तेवढी आणून हळूहळू सोडावा. मोठे दगड असतील तर आधी हौद्यात मातीचा थर द्यावा. दगड वरून टाकायचे नाहीत, पट्ट्यानं बांधून उतरवायचे.

माल मधोमध आणि मागच्या चाकांच्या जरा पुढं पडला पाहिजे. सगळा मागं पडला तर पुढची चाकं हलकी होतात. घाटात काय झालं, ते तुम्ही ऐकलंच. सगळा एका बाजूला पडला तर गाडी वळणावर त्या बाजूला झुकते.

शेवटी फाळका लावा, साखळी अडकवा. टायर बघा, पाटे बघा. माल काठाच्या खाली ठेवा आणि वरून ताडपत्री बांधा. रस्त्यावर पडलेल्या खडीनं मागून येणारा मोटारसायकलवाला घसरतो. तोही कोणाच्या तरी घरचा कर्ता असतो. आणि मालावर माणूस बसवायचा नाही. जागा नसेल तर एसटीनं या म्हणावं.

आमच्या यार्डात पुढं काय झालं तेही सांगतो. त्या घाटातल्या गोष्टीनंतर ऑपरेटरला चार दिवस जेवण गेलं नाही. आम्ही त्याला म्हणालो, "बाबा, चूक तुझी नव्हती. खूण आम्ही केली होती." तो म्हणाला, "पण मला वाचता आलं असतं, तर मी तुमची खूण ऐकली नसती." आमच्यापाशी यावर उत्तर नव्हतं. आम्ही रोज संध्याकाळी पावतीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्याला आकडे काढून देऊ लागलो. आधी आकडे, मग वजाबाकी. महिन्याभरात तो दारावरचे आकडे वाचू लागला.

मग एकदा घाईच्या दिवशी आम्हीच एका ओळखीच्या माणसाची जास्तीची पावती फाडली. ऑपरेटर यंत्रावरून खाली उतरला. दाराजवळ गेला. बोट ठेवून एक एक आकडा वाचला आणि म्हणाला, "मास्तर, बसत नाही. पावती बदला." गिऱ्हाईक रागावलं. आम्हालाही चारचौघांत कमीपणा वाटला. पण पावती बदलली.

त्या काकांनी पुढं दोन खेपा केल्या. शाळेपुढं बाग झाली. आम्ही ती पाहायला गेलो होतो. पुतण्या झाडांना पाणी घालत होता, एका पायावर भार देऊन. आमच्याकडं पाहून हसला. पण आम्हाला काही हसता आलं नाही.

तर मंडळी, उद्या कामाला निघताना एक करा. गावात ज्याची पिकअप असेल त्याच्याकडं जा. दारावरचे आकडे पाहा, नसतील तर आरसी बुक मागा. दोन्ही वजनं वहीत लिहून आणा. वजाबाकी करा. रात्री गुरुजींना दाखवा. आणि ज्याची गाडी आहे त्यालाही सांगा, तुझ्या गाडीत इतकाच माल बसतो. तो हसला तर हसू द्या. आकडा तेवढा त्याच्या ध्यानात राहील.

राम राम.