वही त्यांच्याकडे, पुरावा आपल्याकडून



वकिलांची ही परिषद परभणीऐवजी पूर्णा तालुक्यातल्या चुडावा गावात भरली, ते योग्यच झालं. आपण कोर्टात ज्या कागदांवर भांडतो, ते अशाच गावांत तयार होतात. काटापावती, आडतीची हिशोबपट्टी, कृषी सेवा केंद्रातली उधारी, बँकेचा खातेउतारा. पूर्वी हे सगळं लाल वहीत असे, आता टॅलीत आणि मोबाइलमध्ये असतं.

वहीचा कायदा जुना आणि शहाणा आहे. धंद्याच्या ओघात नियमित ठेवलेल्या हिशोबातली नोंद पुराव्यात चालते, पण नुसत्या तिच्या जोरावर कोणावर देणं लादता येत नाही. १८७२ च्या साक्ष कायद्याचं कलम ३४ हेच सांगत होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम २८ही तेच सांगतं. जैन हवाला प्रकरणात १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने सुट्या कागदांना हिशोबवही मानायला नकार दिला. त्यामुळे उधारीच्या दाव्यात टॅलीचा उतारा दाखल करून स्वस्थ बसणाऱ्या वकिलाची मला काळजी वाटते. माल पोचल्याची सही, चलन, निदान माल उतरवून घेणारा माणूस तरी साक्षीला हवा.

संगणकाच्या नोंदीचं मात्र वेगळं आहे. उदाहरणासाठी लांब जायला नको. आपल्या स्टेशनावरून मनमाडच्या दिशेने निघालं की जालना लागतं. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत तिथे अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले आणि कैलास गोरंट्याल हरले. २७ सप्टेंबरला दुपारी तीनची मुदत टळल्यावर खोतकरांचे उमेदवारी अर्ज स्वीकारले, असा आक्षेप होता. निवडणूक याचिका दिवाणी प्रक्रियेच्याच वाटेने चालते, म्हणून ही गोष्ट आपलीच आहे. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांनी सगळं टिपलं होतं. चित्रीकरण सरकारकडे, सीडी सरकारने दिलेल्या, आणि अशा प्रतीसोबत जोडायचं जुन्या साक्ष कायद्याच्या कलम ६५ब चं प्रमाणपत्र मात्र मागून मागून मिळेना.

औरंगाबाद खंडपीठाने अधिकाऱ्याची उलटतपासणीतली उत्तरं पुरेशी मानली आणि २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी निकाल कायम ठेवला, पण कारण दुरुस्त केलं. प्रतीसोबत प्रमाणपत्र हवंच. तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही. मूळ उपकरणाचा मालक स्वतः साक्षीला उभा राहून ते सिद्ध करत असेल तरच प्रमाणपत्राची गरज नाही. आणि ज्याच्या ताब्यात यंत्र आहे तो प्रमाणपत्र देत नसेल, तर न्यायालयाकडे अर्ज करून त्याला हुकूम काढायला लावा. गोरंट्याल यांनी शक्य ते सगळं केलं होतं, म्हणून अशक्य गोष्टीची सक्ती त्यांच्यावर झाली नाही. अर्थात निकाल आला तोवर त्या विधानसभेची मुदत संपून २०१९ ची निवडणूकही होऊन गेली होती. आपल्याकडे न्याय मिळतो, पण मागच्या गाडीने.

तेव्हा यंत्र समोरच्याकडे असेल तर दावा दाखल करण्याआधीच लेखी मागणी करा आणि तिची पोच जपा. पुढे अर्ज करताना हाच कागद कामाला येतो. आणखी एक सोपी वाट आपण विसरतो. दस्तऐवज कबूल करण्याची नोटीस द्या. कबूल केलेली गोष्ट सिद्ध करावी लागत नाही.

नव्या अधिनियमाच्या कलम ६३ ने प्रमाणपत्राचे दोन भाग केले. भाग अ पक्षकाराचा, भाग ब तज्ज्ञाचा. दोन्हींत फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची. एक स्वल्पविराम बदलला तरी तो आकडा बदलतो, म्हणून ही तरतूद मला पसंत आहे. भाग ब मात्र पसंत नाही. हा तज्ज्ञ नेमका कोण, हे कलम ६३ सांगत नाही. तीस हजारांच्या उधारीसाठी चुडाव्याचा दुकानदार तो कुठून आणणार? बँकेला १८९१ पासून स्वतंत्र कायद्याचा आधार आहे, तिच्या प्रमाणित उताऱ्याला प्रथमदर्शनी मान मिळतो. शेतकऱ्याच्या व्हॉट्सॲपमागे असं कोणी नाही.

वाट त्याच अधिनियमात आहे. योग्य ताब्यातून आलेली डिजिटल नोंद, तिच्याबद्दल वाद नसेल तर, प्राथमिक पुरावा ठरते, असं कलम ५७ चं स्पष्टीकरण म्हणतं. माझी सूचना अशी, की लहान दिवाणी दाव्यांत प्रतिपक्षाने नोंदीच्या खरेपणावर नेमकी हरकत घेतल्यावरच भाग ब मागावा. ‘आम्हाला मान्य नाही’ एवढं मोघम वाक्य हरकत समजू नये. त्यासाठी कायद्यात दुरुस्ती लागेल, हे मला माहीत आहे. या सूचनेच्या ठरावाचा मसुदा दुपारच्या सत्रात येईल. ज्यांचा विरोध आहे त्यांना आधी बोलू द्यावं, असं मी संयोजकांना सांगून ठेवलं आहे.