कागद, ठसा आणि बुद्धवचन
(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समितीने आम्हाला बोलायला सांगितले तेव्हा विषय आमच्यावरच सोपवला होता. धम्मावर बोलणारे अधिकारी लोक याच व्यासपीठावर येऊन गेलेले आहेत, त्यांच्यापुढे आम्ही काय बोलणार? म्हणून आम्ही जरा लांबचा विषय घेतला. मध्ययुगातला चीन. तिथला कागद, तिथली छपाई, तिथला व्यापार. आता कुणी म्हणेल, विहारात चीनचं काय काम? काम आहे. छापलेलं पुस्तक ही आज जगभर घरोघरी असलेली वस्तू जिथे जन्मली, तिथे तिचा पहिला मोठा गिऱ्हाईक बुद्धाचा धम्म होता. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात एका ओळीत उरकतात, किंवा सांगतच नाहीत.

सुरुवात आपल्याच मुलखातून करू. इसवी सन 641 च्या सुमारास ह्युएनत्संग हा चिनी भिक्खू महाराष्ट्रात आला होता. तेव्हा इथे चालुक्य राजा दुसरा पुलकेशी राज्य करीत होता. इथली माणसे मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, अशा अर्थाचे त्याने लिहून ठेवले. डोंगरात कोरलेल्या एका विहाराचे वर्णनही त्याने केले आहे, ते अजिंठ्याचेच असावे असे विद्वान मानतात. हा माणूस 629 साली घरून निघाला तो 645 साली परतला. बरोबर वीस घोड्यांवर लादलेले 657 ग्रंथ! पुढे 664 साली देहावसान होईपर्यंत तो भाषांतर करीत बसला. पंचाहत्तर ग्रंथ त्याने आणि त्याच्या मंडळींनी चिनी भाषेत आणले.

पण बंधूंनो, भाषांतर झाले म्हणजे काम झाले काय? एक प्रत तयार झाली, ती राजधानीत चांगआनला राहिली. खेड्यातल्या उपासकाचे काय? त्याला हवी तर कुणीतरी बसून हाताने उतरवून काढायची. एक लेखनिक, एक दिवा, आणि महिनोन्महिने. दुसरी प्रत हवी, पुन्हा पहिल्यापासून. एक अक्षर चुकले की ती चूक पुढच्या सगळ्या प्रतींत जाणार.

चीनजवळ एक वस्तू मात्र होती, जी त्या काळी आपल्याजवळ नव्हती. कागद! आपण ताडपत्रावर आणि भूर्जपत्रावर लिहीत होतो. चीनमध्ये इसवी सन 105 मध्ये त्साय लुन नावाच्या दरबारी अधिकाऱ्याने कागदाची कृती सम्राटापुढे मांडली. झाडाची साल, ताग, फाटक्या चिंध्या आणि मासे धरायची जुनी जाळी भिजवायची, कुटून लगदा करायचा, तो पाण्यात पातळ करून चाळणीवर धरायचा, पाणी निथळले की सुकवायचे. कागद त्याच्याही आधी होता, हे पुढे उत्खननांत सापडलेल्या तुकड्यांवरून सिद्ध झाले आहे. म्हणजे शोध त्या अनाम हातांचा, आणि नाव दरबारी माणसाचे. हे आपल्याला काही नवीन नाही!

आता ठसा. रीत साधी होती. पातळ कागदावर मजकूर लिहायचा, तो नासपतीसारख्या लाकडाच्या गुळगुळीत फळीवर उलटा चिकटवायचा, मग अक्षर सोडून बाकीचे लाकूड कोरून काढायचे. अक्षर उठून राहते. त्यावर काजळीची शाई लावायची, वर कागद ठेवायचा आणि कोरड्या कुंचल्याने घासायचा. झाले एक पान. यंत्र नाही की दाब नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस चीनमध्ये राहिलेल्या मात्तेओ रिच्ची या पाद्र्याने लिहून ठेवले आहे की तिथला एक कसलेला छापणारा दिवसाला पंधराशे पाने काढतो. आणि फळ्या नीट ठेवल्या की दहा वर्षांनी पुन्हा हव्या तेवढ्या प्रती काढा.

या फळ्यांवर सुरुवातीच्या काळात कोणता मजकूर चढला? बुद्धवचन, आणि त्याच्या जोडीला पंचांग. पंचांगाची एक गंमत आहे. 835 साली सरकारने खाजगी पंचांग छापायला बंदी घातली, कारण सम्राटाचे अधिकृत पंचांग निघण्याआधीच बाजारात छापील पंचांगे विकली जात होती. शेतकऱ्याला पेरणीचा दिवस हवा होता, तो दरबाराची वाट कशाला बघेल?

आणि मग आले 845 साल. थांग घराण्याचा सम्राट वूत्सुंग याने धम्मावर घाला घातला. त्याच्याच सरकारी आकड्यांप्रमाणे चार हजार सहाशेहून अधिक विहार पाडले गेले, चाळीस हजारांवर लहान देवळे-चैत्ये गेली, आणि 2,60,500 भिक्खू-भिक्खुणींना चीवर उतरवायला लावले. घंटा आणि मूर्ती वितळवून नाणी पाडली. हे ऐकताना आपल्या अंगावर काटा येतो. पण याच आकड्यांत आणखी एक आकडा आहे आणि तो आम्ही लपवणार नाही. विहारांच्या मालकीचे दीड लाख दास त्या वेळी सोडवून सरकारच्या खात्यावर लावले गेले. दीड लाख! ज्या बुद्धाने माणसामाणसांत भेद मानला नाही त्याच्या नावाच्या विहारांनी माणसे बाळगली होती. जमिनी होत्या, कर माफ होता, पीठगिरण्या होत्या, व्याजाचा धंदा होता. सम्राटाने हे सर्व काही दासांच्या कळवळ्याने केले नाही, त्याला तांबे आणि कर हवा होता. तरीही दोष होता तो होताच.

वूत्सुंग पुढच्याच वर्षी मेला आणि नव्या सम्राटाने बंदी उठवली. त्यानंतर बावीस वर्षांनी, 868 सालच्या 11 मे रोजी, वांग च्ये नावाच्या एका माणसाने वज्रच्छेदिका सूत्र छापून घेतले. शेवटी त्याने तारीख घातली आणि लिहिले की हे आपल्या आईवडिलांच्या पुण्यार्थ, सर्वांना फुकट वाटण्यासाठी केले आहे. तो कोण होता, काय करीत होता, कुणालाच ठाऊक नाही. सात कागद जोडून केलेली सुमारे पाच मीटर लांबीची गुंडाळी आहे. सुरुवातीला चित्र आहे, त्यात भगवान बुद्ध बसलेले आणि समोर म्हातारा सुभूती हात जोडून प्रश्न विचारतो आहे. रेषा इतक्या सफाईदार की हे काम नवशिक्याचे नाही. तारीख असलेले जगातले सर्वात जुने अखंड छापील पुस्तक ते हेच. भारतात पहिला छापखाना गोव्यात आला तो 1556 साली, तेव्हा हिशेब आपणच करा.

ही गुंडाळी तुनह्वांगच्या लेण्यांत, भिंतीआड बुजवलेल्या एका खोलीत होती. 1900 साली तिथल्या एका ताओपंथी पुजाऱ्याला ती खोली सापडली. 1907 साली ऑरेल स्टाईन आला आणि थोड्याशा पैशांत पेट्याच्या पेट्या घेऊन गेला. सूत्र आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. वांग च्येने फुकट वाटायला छापले ते!

पुढे सुंग घराण्याच्या काळात अख्खे त्रिपिटक छापायला घेतले. चंग्तू शहरात 971 ते 983 अशी बारा वर्षे काम चालले. 5,048 गुंडाळ्या, आणि त्यासाठी कोरलेल्या फळ्या सुमारे एक लाख तीस हजार.

त्याच चंग्तूच्या प्रदेशात व्यापाऱ्यांची वेगळी अडचण होती. तिथे नाणे लोखंडाचे. किंमत कमी, वजन भारी. बाजाराला जायचे तर मालापेक्षा पैशाचेच ओझे जास्त. मग पेढीवाल्यांनी नाणी ठेवून घेऊन छापील चिठ्ठी द्यायला सुरुवात केली. सोळा पेढ्यांना हा हक्क मिळाला, पण पुढे चिठ्ठी दाखवली तरी पैसे मिळेनात. शेवटी 1023 साली सरकारने कारभार हाती घेतला आणि 1024 पासून सरकारी नोट निघाली, जगातली पहिली. पहिल्या खेपेला साडेबारा लाखांवर नाण्यांच्या माळांइतक्या नोटा काढल्या आणि मागे 3,60,000 माळा राखून ठेवल्या. बरीच वर्षे नीट चालले. बाराव्या शतकाच्या आरंभी लढाईच्या खर्चासाठी नोटा भरमसाट छापल्या, आणि लोकांनी त्या घेणेच टाळले. आमच्या वस्तीत भिशी चालवणाऱ्या बायकांना हे अर्थशास्त्र वेगळे शिकवायला नको!

आता एका कारागिराबद्दल आम्हाला जरा थांबून बोलायचे आहे. आपल्यापैकी काही जुनी मंडळी छापखान्यात कंपोझिटर होती, त्यांना हे जास्त भिडेल. 1041 ते 1048 च्या दरम्यान बी शंग नावाच्या माणसाने सुटे खिळे केले. शेन क्वो या विद्वान अधिकाऱ्याने 1088 च्या सुमारास ते लिहून ठेवले म्हणून आपल्याला कळते. त्याने बी शंगला साधा, बिनहुद्द्याचा माणूस म्हटले आहे. ओल्या मातीत एकेक अक्षर कोरायचे, भट्टीत भाजून पक्के करायचे. लोखंडी पत्र्यावर राळ, मेण आणि कागदाची राख पसरायची, चौकटीत खिळे जुळवायचे, खालून शेक द्यायचा, आणि मेण मऊ झाले की वरून सपाट फळीने दाबून सगळे खिळे एका पातळीत आणायचे. पत्रे दोन. एकावर छपाई चालू, तोवर दुसऱ्यावर जुळणी. नेहमी लागणाऱ्या अक्षराचे वीस-वीस खिळे. लाकडाचे का नाही केले? तर लाकडाचे रेघापोत सारखे नसतात आणि ते पाणी पिऊन फुगते. हा विचार कुठल्या शाळेत शिकलेला नव्हता, हातातून आलेला होता. आणि हे गुटेनबर्गच्या चारशे वर्षे आधी. चिनी लिपीत हजारो अक्षरे असल्यामुळे फळीची छपाईच तिथे स्वस्त पडत राहिली, म्हणून खिळ्यांचा फार प्रसार झाला नाही.

याच शेन क्वोने चुंबकावर घासलेली सुई रेशमाच्या एका धाग्याला टांगली की दक्षिणोत्तर राहते, पण नेमकी नाही, थोडी ढळते, हेही नोंदवले. 1119 सालच्या एका ग्रंथात तर जहाजावरचे तांडेल रात्री तारे, दिवसा सूर्य आणि ढगाळ हवेत सुई पाहतात असे आले आहे. जहाजेही हुशारीने बांधलेली. 1974 साली छ्वानचौ बंदराजवळ गाळातून एक जहाज निघाले, त्याच्या पोटात आडव्या भिंती घालून तेरा कप्पे केलेले होते. एका कप्प्यात पाणी शिरले तरी बाकीचे कोरडे. त्यात मिरी होती, सुगंधी लाकूड होते. बंदुकीच्या दारूचा शोधही चीनचाच. अमर होण्याचे औषध शोधता शोधता ती हाती लागली, यावर आम्ही जास्त बोलत नाही.

शेवटी एका बाईची गोष्ट सांगतो आणि आपली रजा घेतो.

बाराव्या शतकात उत्तर चीन परक्या चिन घराण्याच्या ताब्यात गेला होता. शान्शी प्रांतात छुई फाचन नावाची मुलगी होती. कोवळ्या वयात तिने धम्मासाठी स्वतःचा एक हात तोडून घेतला. असे कुणी करावे असे आम्ही म्हणणार नाही. देहाला क्लेश देण्याचा मार्ग भगवंतांनी स्वतः सोडून दिला होता. पण त्या मुलीने राहिलेल्या एका हाताने पुढे जे केले ते ऐका. गावोगाव फिरून तिने अख्खे त्रिपिटक कोरून घेण्यासाठी दान मागितले. राजाचा पैसा नाही, गरिबांचा. कुणी खेचर दिले, कुणी कापडाचा तागा, कुणी फळ्यांसाठी नासपतीची झाडे दिली. 1149 च्या सुमारास कोरायला सुरुवात झाली, 1173 च्या सुमारास संपली. जवळजवळ सात हजार गुंडाळ्या, एक लाख अडुसष्ट हजार फळ्या. ती पुढे भिक्खुणी झाली.

यातली एक छापील प्रत शान्शीतल्या क्वांगशंग विहारात राहिली आणि जग तिला विसरले. 1933 साली ती पुन्हा उजेडात आली. 1942 मध्ये जपानी फौजा जवळ येऊन पोहोचल्या तेव्हा ती रातोरात हलवली. नंतरच्या काळात ओल लागून गुंडाळ्या एकमेकांना घट्ट चिकटल्या, काहींची लाकडासारखी ढेकळे झाली. युद्ध संपल्यावर पेइचिंगच्या राष्ट्रीय ग्रंथालयातल्या कारागिरांनी वाफ देऊन, एकेक थर सोडवून, मागून नवा कागद लावून त्या दुरुस्त केल्या. या कामाला पंधरा वर्षांहून अधिक काळ लागला. चार हजारांवर गुंडाळ्या वाचल्या. त्यांतल्या काहींच्या शेवटी दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. कुठल्या गावचा कोण, सोबत त्याची बायको, आणि काय दिले. खेचर देणाऱ्या घराचे नाव आजही वाचता येते.