तीन तारांतील व्यत्यय : मोजणी आणि निवड
(गोराई येथे शिक्षक व लोकप्रतिनिधींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



गोराईची खाडी ओलांडून आपण बोरिवलीला लोकल गाडीत बसतो. त्या मार्गावर विजेची गाडी १९२८ साली आली, तीही १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर. २०१२ साली त्याची जागा २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहाने घेतली. २००७ पासून आलेल्या नव्या गाड्यांत तीन फेजच्या मोटारी आहेत. त्यांचा इन्व्हर्टर एकदिश विजेचे सेकंदाला शेकडो तुकडे पाडतो. यामुळे ब्रेक लावताना वीज तारेत परत देता येते. पण त्या तुकड्यांच्या धारदार कडांतून विद्युतचुंबकीय व्यत्ययही उपजतो.

रुळांवर ट्रॅक सर्किट असते तेथे हा प्रश्न जीविताचा होतो. सिग्नलचा क्षीण प्रवाह रुळांतून वाहतो. गाडीची चाके तो मध्येच वळवतात आणि सिग्नल लाल होतो. गाडीतला व्यत्यय नेमका त्याच वारंवारतेचा निघाला, तर व्यापलेला रूळ मोकळा भासू शकतो.

व्यत्यय किती, एवढे कळून भागत नाही. तो कोणत्या वाटेने जातो हे कळावे लागते. एक प्रकार तीन तारांच्या आपापसात फिरतो. दुसरा सामाईक: तिन्ही तारांतून एकाच दिशेने जाऊन मोटारीच्या सांगाड्यातून, जमिनीवाटे परततो. साध्या इन्व्हर्टरमध्ये तिन्ही फेजच्या दाबांची बेरीज कोणत्याही क्षणी शून्य होत नाही. म्हणून हा दुसरा प्रकार अटळ असतो.

निवड करण्याची रीत शाळेतल्या गणिताची आहे. एकाच क्षणी तीन तारांत ५, २ आणि उणे १ अँपिअर मिळाले. बेरीज ६, म्हणजे प्रत्येकीचा सामाईक वाटा २. तो वजा केला की ३, ० आणि उणे ३ उरतात. हा आपापसातला भाग. तिन्ही तारा एकाच चिमट्यात घेतल्या, तर मापक आपोआप बेरीजच दाखवतो. मात्र नुसता आकार सांगणाऱ्या मापकाची तीन वेगवेगळी वाचने बेरजेस निरुपयोगी. क्षण एकच हवा. घाईच्या चाचण्यांत नेमके हेच विसरले जाते.

उपायही वेगळे. आपापसातल्या व्यत्ययाला तारांमध्ये धारित्र बसवतात. सामाईकाला तिन्ही तारा एकाच चुंबकीय कड्यातून नेतात. तेथे मोटारीचा कामाचा प्रवाह परस्परांना छेदतो, अडतो तो फक्त व्यत्यय.