सामाईक की स्वतंत्र? : लॅपटॉपमधील ग्राफिक्सचा प्रश्न



कामगार चळवळीतील माणसाने लॅपटॉपच्या ग्राफिक्सवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु आमच्या युनियनच्या कचेरीत पगारवाढ व बोनस यांच्या जोडीने हल्ली एक नवा प्रश्न येतो. मुलीच्या कॉलेजसाठी लॅपटॉप हवा आहे; दुकानदार म्हणतो, वेगळे ग्राफिक्स कार्ड असलेलाच घ्या; तर पतपेढीचे कर्ज काढावे काय? कर्जाचा हप्ता पगारातून कापला जातो. तेव्हा हा प्रश्न हौसेचा नसून भाकरीचा आहे, आणि म्हणूनच तो आमचा आहे.

प्रथम यंत्र समजून घेऊ. १९२० गुणिले १०८० मापाच्या पडद्यावर वीस लाखांहून अधिक ठिपके असतात, आणि सामान्यतः सेकंदाला ६० वेळा ते चित्र नव्याने दाखवावे लागते. हे चित्र तयार करणारा भाग म्हणजे ग्राफिक्स प्रोसेसर. तो दोन प्रकारचा असतो. ‘इंटिग्रेटेड’ म्हणजे मुख्य प्रोसेसरच्याच चिपमध्ये बसविलेला. इंटेलने २०११ साली ‘सँडी ब्रिज’ पिढीत तो तसा आणला. त्याची मेमरी सामाईक. ‘डेडिकेटेड’ म्हणजे स्वतंत्र चिप. तिची मेमरीही तिची स्वतःची.

स्वतंत्र चिपमध्ये गणिते करणारे हात अधिक असतात, हे खरे. पण तेवढ्याने उलगडा होत नाही. गिरणीत काम केलेल्यांना ठाऊक आहे की, माग कितीही चांगला असो, कांड्या वेळेवर आल्या नाहीत तर विणकर हात बांधून उभा राहतो. येथेही तसेच आहे. डीडीआर४-३२०० जातीच्या मेमरीच्या दोन पट्ट्या असतील तर सेकंदाला ५१.२ गिगाबाइट माल मिळतो, आणि तोही मुख्य प्रोसेसरशी वाटून घ्यावा लागतो. एकच पट्टी असेल तर निम्माच, म्हणजे २५.६. उलट लॅपटॉपमधील आरटीएक्स ४०६० या कार्डाला स्वतःच्या ८ गिगाबाइट मेमरीतून सेकंदाला २५६ गिगाबाइट मिळतात.

मग सामाईक असणे हाच दोष समजावा काय? मुळीच नाही. अॅपलने २०२१ साली काढलेल्या ‘एम१ मॅक्स’ या चिपची मेमरी सामाईकच आहे. परंतु पुरवठा सेकंदाला ४०० गिगाबाइटचा. दोष सामाईकपणाचा नाही, तोकड्या पुरवठ्याचा आहे. इंटेलचे ‘आयरिस एक्सई’ ग्राफिक्स असलेल्या यंत्रात मेमरीची एकच वाट चालू असेल, तर ते ते नावही लावीत नाही. साधे ‘यूएचडी’ म्हणवून घेते. अशा यंत्रात दुसऱ्या पट्टीची खाच रिकामी असेल, तर नव्या लॅपटॉपऐवजी एका पट्टीच्या खर्चात पुष्कळ काम भागते.

स्वतंत्र कार्डाच्या नावावरही विसंबू नये. तेच आरटीएक्स ४०६० कोणत्या लॅपटॉपात किती वीज घेणार, हे बनविणारा ठरवितो. ही मर्यादा ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत असते. हुद्दा एकच, पण एकाला पोटभर आणि दुसऱ्याला अर्धपोटी! दोघांकडून सारखे काम कसे होईल? शिवाय विमानप्रवासाच्या नियमांमुळे लॅपटॉपची बॅटरी बहुधा १०० वॅट-तासांच्या आतच ठेवतात. ११५ वॅट खाणारे कार्ड पूर्ण जोमाने चालले तर ती तासभरही पुरणार नाही. म्हणून बॅटरीवर असताना त्याचा वेग आवरता घेतला जातो.

आता निवाडा. पत्रे, हिशेब, प्रोग्रॅमिंगचे पहिले धडे, व्हिडिओवरील तास यांना सामाईक ग्राफिक्स पुरते. व्हिडिओ उलगडण्यासाठी तर त्यात निराळी यंत्रणाच असते. परंतु मुलगी वास्तुरचनेची त्रिमिती चित्रे करणार असेल, ॲनिमेशन शिकणार असेल, किंवा तिचे सॉफ्टवेअर एनव्हिडियाच्या ‘कुडा’वरच चालणार असेल, तर तेथे काटकसर करू नये, वाचविलेले पैसे तिच्या वाया गेलेल्या रात्रींनी फेडावे लागतील.

मालकाशी बोलणी करण्यापूर्वी ताळेबंद वाचावा, हे चळवळीने आम्हांस शिकविले. दुकानाची पायरी चढण्यापूर्वीही कॉलेजातून सॉफ्टवेअरची यादी आणावी; मेमरीच्या पट्ट्या किती, कार्डाला वॅट किती, हे विचारावे. उत्तर मिळेपर्यंत कर्जाच्या कागदावर सही करू नये.