वैद्यकीय प्रवेशाचा ध्यास आणि निर्णयाचे अर्थशास्त्र

(विज्ञान शाखेच्या पदवी विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



बारावीनंतर बी.एस्सी.ला प्रवेश घेतलेल्या आपल्यापैकी अनेकांसमोर एक प्रश्न उभा आहे. वैद्यकीय प्रवेशपरीक्षा पुन्हा द्यावी, की पदवीचे शिक्षण मन लावून पूर्ण करावे? घरोघरी या प्रश्नाची चर्चा भावनेच्या भरात होते. आज आपण तो अर्थशास्त्राच्या कसोटीवर तपासू.

प्रथम मागणी व पुरवठा पाहू. २०१३-१४ मध्ये देशात एमबीबीएसच्या सुमारे ५१ हजार जागा होत्या. २०२४ मध्ये त्या १ लाख १० हजारांच्या पुढे गेल्या. ही वाढ लक्षणीय असली, तरी २०२४ च्या 'नीट' परीक्षेस २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले होते. म्हणजे वीसहून अधिक उमेदवारांमागे एक जागा. त्यापैकी सुमारे १३ लाख विद्यार्थी 'पात्र' ठरले; परंतु पात्रता म्हणजे प्रवेश नव्हे. शासकीय महाविद्यालयांतील जागा एकूण जागांच्या निम्म्याच्या आसपास आहेत. उर्वरित जागांचे शुल्क अनेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेरचे असते.

दुसरी संकल्पना संधी खर्चाची. शिकवणीचे शुल्क हा दिसणारा खर्च होय. त्या वर्षात जे शिक्षण अथवा उत्पन्न मिळाले असते, त्याचा त्याग हा न दिसणारा खर्च होय. प्रवेशानंतरही साडेचार वर्षांचे शिक्षण, एक वर्षाची आंतरवासिता आणि पदव्युत्तर पदवीची तीन वर्षे असा दीर्घ काळ असतो. कुटुंबाला तोवर तग धरता येईल काय, याचा हिशेब आधीच मांडावा.

तिसरी संकल्पना बुडीत खर्चाची. 'दोन वर्षे घातली, आता माघार कशी घ्यावी?' हा युक्तिवाद सदोष आहे. गेलेली वर्षे कोणत्याही निर्णयाने परत येत नाहीत. विचार करावयाचा तो पुढील वर्षाचा. मागील गुण आणि परवडणाऱ्या जागेसाठी लागणारे गुण यांतील अंतर किती, व ते भरून निघेल असा अभ्यासपद्धतीतील कोणता ठोस बदल आपण करणार, हे कागदावर लिहावे. ही परीक्षा सापेक्ष क्रमवारीची आहे. सर्वांचेच गुण वाढले, तर केवळ आपले गुण वाढल्याने जागा मिळत नाही. म्हणून प्रयत्नांची मर्यादा निकालापूर्वीच ठरवावी.

मात्र निर्णय केवळ हिशेबाचा नाही. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ मधील आपल्या लेखात वैद्यकीय सेवा ही सामान्य वस्तूंहून वेगळी कशी, हे दाखविले. रुग्णाला उपचारांची पारख करता येत नाही; त्याला विश्वास ठेवावा लागतो. प्रतिष्ठेसाठी नव्हे, तर हा विश्वास पेलण्यासाठी ज्याला डॉक्टर व्हावयाचे आहे, त्याने एक प्रयत्न अवश्य करावा.

इतरांनी हे ध्यानात घ्यावे की, आरोग्यव्यवस्था केवळ डॉक्टरांवर उभी नसते. परिचारिका, भौतिकोपचारतज्ज्ञ, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, संख्याशास्त्रज्ञ यांच्याविना ती चालत नाही. संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी २०२१ मध्ये संसदेने स्वतंत्र राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, तो याच जाणिवेतून.

एका परीक्षेच्या निकालावरून आपले मूल्य ठरत नाही. आपली बुद्धी व तारुण्यातील वर्षे ही देशाची मानवी साधनसंपत्ती आहे. तिची गुंतवणूक कोठे करावयाची, हे डोळसपणे ठरवावे.