न टेकणारा ब्रेक

नेरळ-माथेरानची गाडी १९०७ साली सुरू झाली. तिच्या जुन्या वाफेच्या इंजिनाच्या छोट्या मॉडेलचे पितळी ब्रेक जुळवायचं काम आमच्या गटानं घेतलं. पत्र्यातून भाग सोडवायचा, कानस मारायची, कोरलेली रेघ आतल्या बाजूला ठेवून एकदाच वाकवायचा. मागेपुढे केला की तुटतो. मग फ्लक्स लावून सोल्डर करायचं, धुवायचं.

पहिली खेप परत आली. मजुरी गेली, कर्जाचा हप्ता बचतीतून भरला. चूक काय? ब्रेक चाकाला टेकत होते. या मॉडेलला करंट रुळातून चाकात येतो. पितळ टेकलं की शॉर्ट!

आता चाक आणि ब्रेकमध्ये कागद सरकवून बघतो. अडला, तर नग बाजूला. बायांनो, माल देण्याआधी आपणच तपासू या.