चौकीत ओळखीचं कोण आहे?

केडगावात आमच्या गल्लीतला एक मुलगा मध्यंतरी रात्र-रात्र भडकाऊ क्लिप बघायचा, पुढे पाठवायचा. मला दिसत होतं. पण सांगणार कुणाला? पोलिसांकडे गेलो तर पोराचं वाटोळं होईल, ही भीती. मी गप्प बसलो.

मग भिवंडीचं वाचलं. तिथे १९७० आणि १९८४ला भीषण दंगली झाल्या. पुढे १९८८मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडेंनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. पुढाऱ्यांपेक्षा साधी माणसं, दोन्ही धर्मांची, आणि सोबत भागातला पोलीस. किरकोळ भांडणं तिथेच मिटायची. त्यातून ओळख झाली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३च्या दंगलींत मुंबईत ९०० माणसं गेली. शेजारची भिवंडी मात्र शांत राहिली.

म्हणजे बघा, विश्वास ऐनवेळी डाउनलोड होत नाही. तो आधीच लागतो, काही बिघडलेलं नसताना.

त्या मुलाशी शेवटी मीच बोललो. पण आमच्या बीट हवालदाराचं नाव मला अजून माहीत नाही. या रविवारी चौकीत जाणार, काही काम नसताना. तुमच्या हवालदाराचं नाव माहितीये तुम्हाला?